सातव्या क्रमांकाचा रंग

अमेरिकेतील एखाद्या शहराच्या बांधकाम खात्यात रस्त्याच्या दुरुस्तीचा आराखडा संगणकावर सिद्ध होतो, काळ्या पडद्यावरील पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या आणि लाल रेघांचे सुबक जाळे म्हणून तो अभियंत्याच्या डोळ्यांसमोर उभा असतो, आणि तोच आराखडा पुढे नकाशाच्या टाइल्समध्ये रूपांतरित होऊन नागरिकांच्या मोबाइलवर उमटतो तेव्हा पांढऱ्या रेघा काळ्या झालेल्या, पिवळ्या रेघा फिक्या पार्श्वभूमीत विरून गेलेल्या, आणि क्वचित लाल रेघांच्या जागी चक्क निळ्या रेघा अवतरलेल्या आढळतात. हे पाहणारा मनुष्य प्रथम रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला दोष देतो, मग आपल्या पडद्याला, आणि अखेरीस आराखडा पाठविणाऱ्या कचेरीकडे वळतो. तपासाचा हा क्रम उलटा आहे. आराखड्यात ज्याला आपण रंग म्हणतो तो बहुतेक वेळा एक क्रमांक असतो, किंवा दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविणारा हुकूम असतो, आणि त्या हुकुमाची अंमलबजावणी ज्या कचेरीत आणि ज्या पार्श्वभूमीवर होईल त्यानुसार त्याला दृश्य रूप प्राप्त होते. टाइल मात्र ठिपक्यांनी भरलेले सिद्ध चित्र आहे. तिच्यातील ठिपक्यावर एकदा रंग बसला की तो का बसला, कोणाच्या सांगण्यावरून बसला, याची कोणतीही नोंद मागे राहत नाही. म्हणून तपासाला आरंभ करावयाचा तो मूळ दस्तऐवजापासून.

हा सारा प्रकार नीट उमजण्यासाठी चार दशके मागे जावे लागते. ऑटोडेस्क ही कंपनी १९८२ साली जॉन वॉकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात स्थापिली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लास व्हेगास येथील कॉमडेक्स प्रदर्शनात ऑटोकॅड हा आराखडे काढण्याचा प्रोग्राम प्रथम लोकांसमोर मांडला. त्या काळचे पडदे काळे असत, त्यांच्यावर दाखविता येणारे रंग बोटांवर मोजण्याइतके असत, आणि आराखडा कागदावर उतरविण्याचे काम पेन-प्लॉटर नावाचे यंत्र करीत असे, ज्याच्या फिरत्या चकतीत खरीखुरी पेने बसविलेली असत. ह्यूलेट-पॅकार्डच्या ७४७५ए या पुष्कळ कचेऱ्यांत दिसणाऱ्या नमुन्यात अशी सहा पेने मावत. रेघ पडद्यावर लाल असेल तर यंत्राने पहिले पेन उचलावे, पिवळी असेल तर दुसरे, असा शिरस्ता त्यातून पडला, आणि पहिल्या पेनात लाल शाईच भरलेली असावी असा आग्रह कोणीही धरला नाही. पुष्कळदा सर्व पेनांत काळीच शाई असे आणि भेद असे तो टोकाच्या जाडीचा, म्हणजे लाल म्हणजे बारीक रेघ, हिरवी म्हणजे जरा ठळक, असा तो अलिखित करार होता. पेन-प्लॉटर कालौघात नाहीसे झाले. करार मात्र राहिला. आजही आराखड्यासोबत छपाईच्या शैलीचा एक स्वतंत्र तक्ता प्रवास करतो, त्यात रंगांच्या २५५ क्रमांकांपैकी प्रत्येकाची कागदावर काय गत लावावी हे लिहिलेले असते, आणि त्यांतील सर्वांत प्रचलित तक्ता सगळे रंग सरसकट काळे करणारा असतो. १९९९ साली आलेल्या ऑटोकॅड २००० पासून रंगाऐवजी नावाने शैली ठरविण्याची दुसरी पद्धतही उपलब्ध झाली, परंतु जुन्या वळणाच्या कचेऱ्यांनी पहिलीच चालू ठेवली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल की पडद्यावर रंगीबेरंगी दिसणारा आराखडा कागदावर संपूर्ण काळा निघाला तरी त्यात कोणतीही चूक नसते. दोन्ही रूपे आपापल्या जागी अधिकृत आहेत. नकाशा करणाराने यांपैकी कोणते रूप प्रमाण मानावे हा प्रश्न तांत्रिक नाही आणि कोणताही प्रोग्राम त्याचे उत्तर देऊ शकत नाही. आराखडा स्वीकारतानाच, त्याची छापील अथवा पीडीएफ प्रत मागवून घेऊन पडद्यावरील रूपाशी ती ताडून पाहावी आणि रंगांचा अर्थ पाठविणाऱ्या कचेरीकडून लेखी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे उद्भवणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारी या एका पत्रव्यवहाराने उद्भवण्यापूर्वीच निकालात निघतात.

आता क्रमांकांकडे वळू. ऑटोकॅडच्या रंगसूचीत १ म्हणजे लाल, २ पिवळा, ३ हिरवा, ४ आकाशी, ५ निळा, ६ किरमिजी, आणि ७ म्हणजे पांढरा किंवा काळा. ८ व ९ हे करडे आहेत. १० पासून २४९ पर्यंत २४ वर्णांच्या प्रत्येकी दहा छटा लावलेल्या आहेत, त्यांत सम अंकाने संपणाऱ्या छटा पूर्ण तीव्रतेच्या आणि विषम अंकाने संपणाऱ्या फिकट आहेत. आणि २५० ते २५५ हे पुन्हा करड्याचे चढते प्रकार. या साऱ्या सूचीत सातवा क्रमांक एकटाच असा आहे की ज्याला स्वतःचा रंग नाही. पार्श्वभूमी काळी असेल तर तो पांढरा होतो, पांढरी असेल तर काळा होतो, कारण रेघ दिसली पाहिजे एवढाच त्याचा हेतू आहे. पडद्यापुरती ही युक्ती अत्यंत शहाणपणाची होती. परंतु टाइल तयार होत असताना पार्श्वभूमी कोणती असणार हे ठाऊकच नसते, कारण टाइल पारदर्शक असू शकते आणि तिच्याखाली वाचक उपग्रहाचे गडद छायाचित्र घेईल की रस्त्यांचा फिका नकाशा घेईल हे त्याच्या मर्जीवर असते. अशा वेळी रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला एक बाजू घ्यावी लागते. जीडीएएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त प्रोग्राम-संचाने काळ्याची बाजू घेतली आहे, इतर काही प्रोग्राम पांढऱ्याची घेतात, आणि ज्याची अपेक्षा दुसऱ्या बाजूची असते त्याला तो बिघाड वाटतो. आराखड्यात नवीन काम सुरू करताना सातवा क्रमांक आपोआप लागलेला असतो, त्यामुळे रंगाचा विचारच न करता काढलेल्या सगळ्या रेघा याच क्रमांकाच्या असतात, आणि म्हणून टाइल्सबाबतच्या पहिल्या तक्रारीत हाच आरोपी निघण्याचा संभव सर्वांत अधिक.

याची शहानिशा करावयाची तर आराखडा डीएक्सएफ या स्वरूपात जतन करून साध्या मजकूर-संपादकात उघडावा. ही फाइल मनुष्याला वाचता येते. तिच्यात एका ओळीवर संकेतांक आणि पुढच्या ओळीवर त्याचे मूल्य अशी जोडीजोडीने रचना असते; ८ या संकेतांकाखाली लेयरचे, म्हणजे एका प्रकारच्या रेघा एकत्र ठेवणाऱ्या थराचे, नाव येते, आणि ६२ या संकेतांकाखाली रंगाचा क्रमांक. एखाद्या रेघेच्या नोंदीत ६२ आणि खाली ७ दिसले म्हणजे वर सांगितलेला प्रकार. ६२ खाली २५६ असेल तर त्याचा अर्थ ‘माझ्या लेयरचा जो रंग तोच माझा’. आणि ६२ हा संकेतांक मुळीच नसेल तरी अर्थ तोच. ६२ खाली शून्य असेल तर ‘ज्या ब्लॉकमध्ये मी आहे तो जेथे बसविला जाईल तेथील रंग माझा’. लेयरांच्या तक्त्यात हाच क्रमांक ऋण चिन्हासह आढळला तर तो लेयर बंद करून ठेवलेला आहे, आणि पुष्कळ रूपांतरे ते ऋण चिन्ह दुर्लक्षून अभियंत्याने मुद्दाम झाकलेल्या रेघाही नकाशावर आणून मांडतात. २००३ साली बाजारात आलेल्या ऑटोकॅड २००४ पासून ४२० हा आणखी एक संकेतांक दिसू लागला, ज्याखाली रंगाचे संपूर्ण चोवीस-बिटी मूल्य लिहिलेले असते. त्याच्या शेजारी ६२ खाली सूचीतील त्यातल्या त्यात जवळचा क्रमांकही दिलेला असतो, आणि जो प्रोग्राम केवळ ६२ वाचतो तो मूळ छटेऐवजी तिच्या शेजारची छटा घेऊन येतो. रंग थोडासाच चुकला असेल, साफ चुकला नसेल, तर प्रथम येथे पाहावे.

ब्लॉकचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. विजेचा खांब, पाण्याची झडप, मलवाहिनीचे झाकण अशा वारंवार येणाऱ्या वस्तू ‘ब्लॉक’ म्हणून एकदा काढून ठेवून शेकडो ठिकाणी बसविल्या जातात. त्या मुळात शून्य नावाच्या लेयरवर काढलेल्या असतील तर जेथे बसतील तेथील लेयरचे गुण घेतात. एका ब्लॉकच्या पोटात दुसरा ब्लॉक असतो, आणि सगळा आराखडाच दुसऱ्या आराखड्यात बाह्य संदर्भ म्हणून जोडलेला असतो, ज्याच्या लेयरांचे रंग यजमान आराखड्यात बदलून घेतलेले असू शकतात. ज्याप्रमाणे सातबाऱ्यावरील नावाचा खरा आधार शोधण्यासाठी एकामागून एक फेरफार उलगडीत मागे जावे लागते, त्याप्रमाणे येथे एका छोट्या वर्तुळाचा रंग शोधण्यासाठी वारसाची ही मालिका पायरीपायरीने चढावी लागते. रूपांतर करणारा प्रोग्राम ब्लॉक फोडून त्याच्या सुट्या रेघा करतो तेव्हा मधली एक जरी पायरी सुटली तरी रेघ निर्वारस होते आणि सातव्या क्रमांकाच्या पदरात जाऊन पडते. म्हणूनच वाहिन्यांच्या रेघा योग्य रंगाच्या आणि त्यांवरील झडपा व झाकणे तेवढी काळी, असे दृश्य दिसले तर फाइल न उघडताही ब्लॉकवर संशय घ्यावा. तो बहुधा खरा ठरतो.

एवढा खटाटोप रंगासाठी कशाला, असे विचारणाराला लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बुलव्हार्डची हकीकत सांगितली पाहिजे. १६ जून १९७६ रोजी, त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम चालू असताना, खोदाईच्या यंत्राने जमिनीखालून जाणारी पेट्रोलची वाहिनी फोडली, उडालेल्या इंधनाने पेट घेतला, आणि नऊ माणसे प्राणास मुकली. खोदण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे याची वर्दी द्यावी, आणि ज्यांच्या वाहिन्या असतील त्यांनी येऊन त्या भूमीवर रंगाने आखून द्याव्यात, या व्यवस्थेच्या इतिहासात या दुर्घटनेचे नाव अपरिहार्यपणे येते. आज अमेरिकेत ८११ हा दूरध्वनी क्रमांक या कामासाठी राखून ठेवलेला आहे; संघराज्याच्या दळणवळण आयोगाने तो २००५ साली मुक्रर केला आणि २००७ पासून तो देशभर चालू झाला. अमेरिकन पब्लिक वर्क्स असोसिएशनने पुरस्कारिलेल्या रंगसंहितेनुसार लाल म्हणजे वीज. पिवळा म्हणजे वायू, तेल अथवा वाफ. नारिंगी म्हणजे दूरसंचार. निळा म्हणजे पिण्याचे पाणी. हिरवा म्हणजे मलवाहिनी व सांडपाण्याच्या वाटा. जांभळा म्हणजे शुद्ध करून पुन्हा वापरावयाचे व सिंचनाचे पाणी. गुलाबी म्हणजे मोजणीच्या तात्पुरत्या खुणा. आणि पांढरा म्हणजे जेथे खोदावयाचे आहे ती जागा. पदपथावर फवारलेल्या या रेघा अमेरिकेत राहणाऱ्या कोणाही मराठी कुटुंबाच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत, मात्र त्यांना अशी नियमबद्ध भाषा आहे हे पुष्कळांच्या गावी नसते. पुष्कळ शहरांचे आराखडे याच संहितेला अनुसरून रंगविले जातात, आणि त्यामुळे टाइलवर बदललेला रंग हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. लालाच्या जागी निळा आला की विजेच्या तारेचे पाण्याच्या नळात रूपांतर होते.

आणि असे घडते. त्याचे कारणही निश्चित सांगता येते. चोवीस-बिटी रंगात लाल, हिरवा व निळा या तिन्ही घटकांना आठ-आठ बिट मिळतात, परंतु ते कोणत्या क्रमाने मांडावेत याविषयी दोन परंपरा आहेत. डीएक्सएफमध्ये लाल घटक सर्वांत वरच्या स्थानी असतो, म्हणून शुद्ध लाल रंगाचे मूल्य दशमान पद्धतीने १,६७,११,६८० होते आणि शुद्ध निळ्याचे २५५. विंडोजच्या आतल्या व्यवहारात हा क्रम नेमका उलटा आहे. तेथे २५५ म्हणजे लाल. केएमएल हे गुगल अर्थसोबत प्रसार पावलेले स्वरूप, ज्याचा उगम कॅलिफोर्नियातील कीहोल या कंपनीत झाला, तेही प्रथम पारदर्शकता, मग निळा, मग हिरवा आणि अखेरीस लाल असाच क्रम पाळते. एका परंपरेत लिहिलेला आकडा दुसऱ्या परंपरेने वाचला म्हणजे लाल व निळा यांची अदलाबदल होते, पिवळ्याचा आकाशी होतो, आणि नारिंगी रेघ निळसर छटा धारण करते. काळा, पांढरा, करडा, हिरवा, किरमिजी आणि जांभळा यांचे मात्र काहीच बिघडत नाही, कारण त्यांच्यातील लाल व निळा हे घटक समान, अथवा जवळजवळ समान, असतात. वर दिलेल्या संहितेवर हे बसवून पाहा: मलवाहिन्या हिरव्या आणि पुनर्वापराच्या पाण्याच्या वाहिन्या जांभळ्याच राहिल्या, वीज व पेयजल यांनी परस्परांच्या जागा घेतल्या, आणि वायू आकाशी झाला, असे दिसले की अन्यत्र शोध घेण्याचे प्रयोजनच उरत नाही, घटकांचा क्रम उलटला आहे. यातील भयंकर भाग असा की हा नकाशा प्रथमदर्शनी निर्दोष वाटतो. त्यात विचित्र वाटेल असा रंग नाही, रेघा सुस्पष्ट आहेत, काहीही काळे पडलेले नाही. काळा पडलेला नकाशा स्वतःच ओरडून सांगतो की मी चुकलो आहे. हा सांगत नाही. म्हणून माझ्या मते सर्व वर्णदोषांत हा सर्वाधिक जपण्यासारखा आहे.

आतापर्यंतचे दोष रंग वाचण्यातले होते. आता तो ठिपक्यांत उतरविताना काय होते ते पाहू. २००५ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या गुगल मॅप्सने जी रीत लोकप्रिय केली तिच्यात सर्व पृथ्वी आरंभी २५६ गुणिले २५६ ठिपक्यांच्या एका चौकोनात बसविलेली असते आणि प्रत्येक पुढच्या पायरीवर चौकोनांची संख्या चौपट होत जाते, त्यामुळे अठराव्या पायरीला सबंध पृथ्वी झाकावयास ६,८०० कोटींहून अधिक चौकोन लागतील. आराखडा या चौकटीत बसवायचा म्हणजे त्याचे मूळ प्रक्षेपण बदलावे लागते, त्याला किंचित वळवावे व ताणावे लागते, आणि मग जुन्या ठिपक्यांवरून नवे ठिपके अंदाजाने भरावे लागतात. अंदाजाची सोपी रीत म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची सरासरी. चित्रात प्रत्यक्ष रंग साठविलेले असतील तर लाल व पांढऱ्याच्या सरासरीने गुलाबी येतो, तो फारसा अपायकारक नाही. परंतु चित्रात रंगांऐवजी रंगांच्या यादीतील अनुक्रमांक साठविलेले असतील आणि प्रोग्रामने त्या अनुक्रमांकांचीच सरासरी काढली, तर जे निष्पन्न होते त्याचा मूळ रंगांशी कसलाही संबंध राहत नाही.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांत सापडते. १८७९ साली स्थापन झालेल्या या खात्याने २४,००० पटीच्या प्रमाणावर देशाचे ५५,००० हून अधिक पत्रे प्रसिद्ध केले, आणि १९९० च्या दशकात ते स्कॅन करून तेरा रंगांच्या ठराविक यादीसह वितरित केले. त्या यादीत शून्य म्हणजे काळा, १ पांढरा, २ निळा, ३ लाल, ४ तपकिरी, ५ हिरवा, ६ जांभळा, ७ पिवळा, आणि पुढे फिकट छटा. या नकाशांत पाणी निळे असते आणि समोच्च रेषा तपकिरी. जेथे ओढा समोच्च रेषेला छेदतो तेथे २ व ४ शेजारी येतात, सरासरी ३, आणि मुळात नसलेला लाल ठिपका डोंगराच्या कुशीत उमटतो, जो या नकाशांच्या भाषेत मोठ्या रस्त्याचा रंग आहे. काळी सीमारेषा निळ्या नदीला लागून गेली तर शून्य आणि २ यांची सरासरी १, म्हणजे दोहोंमध्ये पांढरी फट. तपकिरी व जांभळ्याच्या संगमावर हिरवळ. जांभळ्याविषयी थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही: या खात्याने जुन्या पत्रांची सुधारणा विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून केली, आणि जी माहिती जमिनीवर जाऊन पडताळलेली नव्हती ती जांभळ्या रंगात छापली. वस्तूचा प्रकार सांगण्याबरोबरच त्या माहितीवर कितपत विसंबावे हेही वाचकाला रंगानेच सांगणारी ही प्रामाणिक प्रथा मला अतिशय आदरणीय वाटते, आणि अशा जांभळ्या रेघेच्या कडेला केवळ गणिताच्या निष्काळजीपणाने हिरवे शेवाळ धरलेले पाहून खेद होतो. उपाय सोपा आहे. सरासरी काढण्यापूर्वी अनुक्रमांकांची फोड करून त्यांचे प्रत्यक्ष रंग बनवावेत. जीडीएएलमधील टाइल पाडणाऱ्या प्रोग्रामला अशी अनुक्रमांकी प्रतिमा दिली तर तो आधी तिची फोड करून आणा असा निरोप देऊन थांबतो, आणि त्याचे हे थांबणे योग्यच आहे. किंवा सरासरी टाळून सर्वांत जवळच्या ठिपक्याचेच मूल्य उचलण्याची रीत निवडावी. रेघा जरा करवती दिसतील, परंतु रंग शाबूत राहतील.

उरलेले दोष थोडक्यात सांगता येतात. टाइल जेपीईजी स्वरूपात साठविली तर पारदर्शक भाग काळा अथवा पांढरा भरून निघतो, कारण त्या स्वरूपाला पारदर्शकता ठाऊकच नाही; शिवाय ते प्रकाशमान तपशिलाने साठविते आणि वर्ण बहुधा चार ठिपक्यांना मिळून एक असा काटकसरीने साठविते, म्हणून एका ठिपक्याइतकी बारीक लाल रेघ मळकट होऊन तिच्याभोवती गुलाबी धुके पसरते. छायाचित्रांना ही काटकसर खपते, रेखाचित्रांना नाही. तेथे पीएनजी वापरावे. काळ्या पार्श्वभूमीवर रेघांच्या कडा मऊ करून काढलेले चित्र पांढऱ्या नकाशावर ठेवले तर प्रत्येक रेघेला काळसर किनार येते. ‘शून्य म्हणजे माहिती नाही’ असे प्रोग्रामला सांगितलेले असेल तर तो काळ्या रेघांनाही पोकळी समजून पारदर्शक करून टाकतो, आणि नकाशावरून सातव्या क्रमांकाच्या सगळ्या रेघा अदृश्य होतात. आराखडा जीआयएसच्या, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीच्या, दुसऱ्या स्वरूपात, समजा शेपफाइलमध्ये, उतरविला तर भूमिती येते आणि रंग मागे राहतो, कारण जीडीएएल तो शैलीच्या एका वेगळ्या ओळीत ठेवते आणि ती ओळ मुद्दाम मागितल्यावाचून पुढे पाठविली जात नाही. अशा वेळी जे रंग दिसतात ते नकाशाच्या प्रोग्रामने स्वतःच्या पसंतीने वाटलेले असतात.

दोष कोठला हे ओळखण्याची एक खात्रीची तजवीज प्रत्येक कचेरीने करून ठेवावी. एक लहानसा आराखडा काढावा: पहिल्या नऊ क्रमांकांच्या नऊ रेघा, चोवीस-बिटी पद्धतीने लिहिलेली एक लाल, एक निळी व एक नारिंगी रेघ, लेयरचा रंग घेणारी एक, ब्लॉकच्या पोटातील एक, आणि बंद लेयरवरील एक, प्रत्येकीशेजारी तिचे अपेक्षित रूप अक्षरांत लिहिलेले असावे. प्रोग्रामची आवृत्ती बदलली की प्रथम हा आराखडा साऱ्या टप्प्यांतून पाठवावा आणि प्रत्येक टप्प्याअखेर पाहावे. सदोष टाइलकडे बघत तर्क लढविण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी त्वरेचा आहे, कारण कोणत्या टप्प्यावर रूप पालटले हे त्यात प्रत्यक्ष दिसते.

अलीकडे मात्र रंग टाइलमध्ये भरूनच पाठवावा का, हा मूळ प्रश्न नव्याने विचारला जात आहे. मॅपबॉक्स या अमेरिकन कंपनीने २०१४ साली व्हेक्टर टाइलचे जे विनिर्देश प्रसिद्ध केले त्यात रेघा, बिंदू, क्षेत्रे आणि त्यांचे गुणधर्म एवढेच असते, रंग नसतो. रंग वेगळ्या शैली-पत्रकात लिहिला जातो आणि वाचकाच्या यंत्रावर शेवटच्या क्षणी चढविला जातो. या व्यवस्थेतही फसगती आहेत: शैलीत रंग सांगितलाच नसेल, किंवा ज्या गुणधर्मातून तो उचलावयाचा त्यात अपेक्षित स्वरूपाचे मूल्य नसेल, तर रेघ मुकाट्याने काळी होते, कारण तेथे ठरवून दिलेला मूळ रंग काळा आहे. परंतु तिचा फायदा फार मोठा आहे. तीत रेघेसोबत ‘लाल’ असे न पाठविता ‘वीज’ असे पाठविता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅड मानकाला अनुसरून आराखडा काढलेला असेल तर ही माहिती लेयरच्या नावात असतेच. सी-एनजीएएस म्हणजे नैसर्गिक वायू, सी-डब्ल्यूएटीआर म्हणजे पाणी, सी-एसएसडब्ल्यूआर म्हणजे मलवाहिनी. रूपांतराच्या वेळी लेयरचे नाव गुणधर्म म्हणून शाबूत ठेवले, आणि रंग त्यावरून ठरविला, तर पेनांच्या जाडीसाठी कोणी एके काळी निवडलेल्या क्रमांकांचे ओझे पुढे वाहावे लागत नाही. पांढऱ्या रंगाची अडचणही येथेच सुटते. प्रस्तावित खोदाईची रेघ गडद छायाचित्रावर पांढरी आणि फिक्या नकाशावर गडद किनारीसह पांढरी काढता येते, आणि सातव्या क्रमांकाने पडद्यापुरते जे साधले होते ते नकाशालाही साधते.

यात आणखी एका वाचकाची सोय आहे, जिचा विचार नकाशे करणाऱ्यांनी फार उशिरा केला. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांमागे एकास लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही, आणि वर दिलेल्या संहितेत लाल म्हणजे वीज व हिरवा म्हणजे मलवाहिनी. अशा माणसापुढे अगदी निर्दोष रूपांतर झालेली टाइल ठेवली तरी तिच्यातील दोन रेघा त्याला सारख्याच दिसतील. गुणधर्म सोबत असतील तर शैली-पत्रकात मलवाहिनी तुटक आणि वीज सलग काढण्याची, आणि मोठ्या पायरीवर रेघेलगत तिचे नाव लिहिण्याची सोय आराखड्याला हात न लावता करता येते. रंग भरून पाठविलेल्या टाइलमध्ये ती करता येत नाही.